अंगठ्याएवढं दुखणं

मंडळी, आधी एक सांगा. तुम्हाला बैल घ्यायचा आहे आणि बाजारात दोन विकणारे उभे आहेत. पहिला म्हणतो, "शेठ, या बैलात खोट काढून दाखवा, फुकट देतो." दुसरा म्हणतो, "बैल चांगला आहे, पण उतारावर मागचा डावा पाय जपून टाकतो. चार दिवस ओझं हलकं ठेवा, मग बघा." यातल्या कुणावर विश्वास ठेवाल? घाई करू नका. बहुतेक गिऱ्हाईक पहिल्याकडे वळतं, कारण त्याचा आवाज मोठा असतो. आधी ही गोष्ट ऐका आणि मग मनाशी ठरवा.

फार जुन्या काळी घाटमाथ्यावर एक नगर होतं आणि घाटाच्या पायथ्याशी, समुद्राला लागून, एक बंदर. दोन्हींच्या मधे बारा कोसांची वाट, आणि तीही बहुतेक चढाची. कुठलं गलबत लागलं, काय माल उतरला, समुद्राची नियत कशी आहे, ही खबर नगरात पोचवायचं काम जासुदांचं. जासूद म्हणजे धावत खलिता नेणारा माणूस. हातात घुंगरं बांधलेली काठी, कमरेला थैली आणि खाली दोन पाय. एवढंच त्याचं भांडवल.

वाटेवर पाच चौक्या होत्या. प्रत्येक चौकीवर एक चौकीदार आणि एक राखीव जासूद. धावत येणाऱ्यापुढे चौकीदाराने पाण्याचा तांब्या करायचा आणि विचारायचं, "पाय काय म्हणतात?" कुणा जुन्या शहाण्या नाईकाने हा रिवाज घालून दिला होता. पाय दुखत असेल तर जासुदाने तसं सांगावं, काठी आणि थैली राखीवाच्या हातात द्यावी आणि खबर न थांबता पुढे जावी. व्यवस्था म्हणाल तर चोख होती.

पण चोख व्यवस्था माणसांच्या हाती पडली की तिचं काय होतं ते तुम्ही जाणताच. कधीतरी एकाने खरं सांगून काठी दिली असेल आणि लोक हसले असतील. दुसऱ्याने दात आवळून नाही दिली, त्याच्या पाठीवर थाप पडली असेल. हळूहळू उत्तर ठरूनच गेलं. "पाय काय म्हणतात?" "पाय गप्प!" रामरामाला रामराम म्हणावं, तसं. बावीस वर्षांत एकाही राखीवाला जागेवरून उठावं लागलं नव्हतं. ते बिचारे सोंगट्या खेळत, भाकरी खात आणि दरवर्षी थोडे थोडे रुंद होत.

या जासुदांमध्ये एक सगळ्यांत वेगवान होता. पहाटे बंदर सोडलं तर उन्हं डोक्यावर यायच्या आत तो नगराच्या वेशीत. त्याच्या काठीची घुंगरं वाजली की बाया म्हणत, "गेला बघ वारा." आणि त्याच्याइतकं ठसक्यात "पाय गप्प!" कुणीच म्हणत नसे. ते ऐकायला चौथ्या चौकीवर पोरं जमत.

त्या वर्षी त्याच्या उजव्या नडगीत काहीतरी टोचायला लागलं. जागा एवढीशी, अंगठ्याखाली झाकेल इतकी. आधी धावल्यावर टोचे, मग धावताना टोचू लागलं, मग झोपेतही. तो ती जागा कुणाला दाखवत नव्हता. खरं म्हणजे स्वतःलाही दाखवत नव्हता. महिनाभर चौकीमागून चौकी तो "पाय गप्प!" म्हणत राहिला, आणि एके दिवशी चौथ्या चौकीच्या पुढे पाचशे पावलांवर ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि तो दगडावर आडवा झाला.

थैलीत मिठाच्या गलबतांची खबर होती. ती एका वाटसरूच्या हाती अर्धा दिवस उशिरा पोचली. मिठाचे व्यापारी थोडे कुरकुरले आणि विसरून गेले. पण जासुदांचा नाईक विसरला नाही. तो खाटेपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आज मीठ होतं म्हणून निभावलं. उद्या काय असेल सांगता येतं का? तुझी काठी खुंटीला टांगतोय. आपला नियम तुला ठाऊक आहे. वर्षाच्या आत बंदरापासून वेशीपर्यंत एक खेप पुरी केलीस तर काठी तुझी. नाहीतर दुसऱ्याची."

"वर्ष कशाला? दोन महिन्यांत उतरवतो नाईक," जासूद म्हणाला.

नगराचा मोठा वैद्य रोज येई. पाय बांधून दिला, लेप लावले. दर आठ दिवसांनी विचारी, "दुखतं का?" आणि जासुदाच्या तोंडून सवयीने निघे, "छे!" वैद्याने त्याला उठवलं. पाय सुजला. पुन्हा निजवलं, पुन्हा विचारलं, पुन्हा "छे!", पुन्हा उठवलं, पुन्हा सूज. तिसऱ्या खेपेला वैद्याने पडशी आवरली. "नाईक, मी उत्तर ऐकून औषध देतो. इथे उत्तरच खोटं आहे."

नाईक तापट माणूस. त्याने तिथल्या तिथे गाडी जुंपवली. "जो खरं बोलत नाही तो मुकाच. आणि मुक्यांची वैद्यीण घाटाखाली बसलीय. टाका याला तिच्या गोठ्यात."

नगरात हसता हसता लोकांची पोटं दुखली. कारण घाटाखालची ती म्हातारी गुरांवर इलाज करायची. तांड्याचे ओझ्याचे बैल लंगडले की तिच्याकडे यायचे. मोडलेलं शिंग, सडलेला खूर, निखळलेला खांदा, सगळं ती बघायची. आणि आता तिच्या गोठ्यात, एका लंगड्या खोंडाच्या आणि एका म्हाताऱ्या बैलाच्या मधे, नगराचा वारा पेंढ्यावर पडला.

म्हातारीने त्याला काही विचारलंच नाही. बसली, पाय मांडीवर घेतला आणि नडगीवरून अंगठा फिरवत आली. एका जागी थांबली. दाबलं. जासूद छताकडे बघत राहिला.

"कमाल आहे तुझी," ती म्हणाली. "बैल निदान कान तरी हलवतो."

"दुखत नाही मावशी."

"तुझ्या कपाळावर घाम आलाय, तो कुणाचा म्हणायचा? शेजारच्या खोंडाचा?"

म्हातारीने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हात पुसत म्हणाली, "हे बघ, बैल माझ्याकडे येतात आणि बरे होऊन जातात. त्यात माझं कौतुक थोडं. त्यांचं मोठं. दुखलं तर पाय उचलतात, नाही दुखलं तर टेकतात. मधे काही नाटक नाही. तुला जमेल का बैल व्हायला?"

"आता तेवढंच राहिलंय," जासूद कडू हसला.

"मग आजपासून रोज संध्याकाळी मी तीन गोष्टी विचारणार. कुठे, केवढं, कधीपासून. 'नाही' हे उत्तर इथे चालत नाही. कुठेही दुखत नाही असा माणूस मी फक्त तिरडीवर बघितलाय."

पहिल्या संध्याकाळी त्याला हे सांगायला भारी लाज वाटली. बारा कोस धावणारा गडी, आणि म्हणायचं काय, तर "इथे, एवढं, दुपारपासून"! पण सांगितलं. म्हातारीने मान डोलावली आणि निघून गेली. कुणी हसलं नाही. खोंड रवंथ करत राहिला. दुसऱ्या दिवशी सांगणं थोडं सोपं गेलं.

दीड महिना असाच गेला. एके दुपारी म्हातारीने वळचणीतून कापडात गुंडाळलेलं एक हाड काढलं आणि त्याच्या हातात दिलं. बैलाच्या पायाचं, जुनं, पिवळं पडलेलं. मधोमध एक फुगवटा होता, उसाच्या पेराला असतो तसा, पण जाड.

"हा माझा सर्जा," ती म्हणाली. "तरणा असताना दरीत घसरला, पाय मोडला. पुढे अकरा वर्षं ओझं वाहिलं त्याने. मेला तो म्हातारपणाने. मोडलं होतं ती जागा शोध बघू."

जासुदाने फुगवट्यावर बोट ठेवलं.

"तीच. आता वाकवून बघ."

त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. हाड हललं नाही.

"त्या जागी जास्त जाड आहे, बघितलंस? मी काय केलं होतं? चार कामट्या बांधल्या आणि त्याला हलू दिलं नाही. आत कोण गेलं होतं? कुणी चुना मळला, कुणी थर दिला? मी गेली चाळीस वर्षं बघतेय, अजून मला कळलेलं नाही. अंधारात, कातड्याच्या आत, कुणी न सांगता काम चालू असतं. आपण फक्त मधे लुडबुड करायची नाही."

जासूद त्या हाडाकडे बघतच राहिला. मग त्याने हळूच आपल्या नडगीवर हात ठेवला. कातड्याखाली, अगदी तिथेच, एक लहानसा उंचवटा होता. महिन्यापूर्वी नव्हता. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं तो पायांवर हुकूम गाजवत आला होता, आणि हे पाय कुणाच्याही हुकमाशिवाय, त्याच्या झोपेत, त्याच्यासाठी राबत होते. देवळात जाऊनही कधी झालं नव्हतं तसं त्याचं मन नम्र झालं. संध्याकाळी म्हातारीने विचारलं, "कुठे, केवढं, कधीपासून?" तेव्हा त्याने पहिल्यांदा न लाजता, जपून, एक एक शब्द तोलून सांगितलं.

कामट्या सुटल्या आणि जासुदाला वाटलं, संपलं. पण खरी दुखणी त्यानंतर सुरू झाली. सुटलेला पाय बघून त्यालाच रडू आलं. पोटरी कुठे गेली होती कोण जाणे. नुसती काठी राहिली होती.

म्हातारीने त्याला ओढ्यात उतरवलं. कमरेएवढ्या पाण्यात धारेच्या उलट चालायचं. पाणी अंगाचं वजन उचली, पण धार मागे ढकले. शंभर पावलांत मांड्या थरथरत. मग दगडी पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा वर, टाचा खाली. वर, खाली. खोंडाला पाणी पाजून होईपर्यंत थांबायचं नाही, आणि तो खोंड तर असा सावकाश पाणी पिई की जणू त्याला यात मजा वाटे. मग टेकडी. चढायचं आणि, त्याहून वाईट, उतरायचं.

टेकडी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी बरं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी जासूद उठायला गेला आणि ओरडला, "मावशी, मेलो! पुन्हा मोडला! दोन्ही मोडले!"

म्हातारी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "कुठे?"

"सगळीकडे!"

"अंगठा ठेव दुखतं तिथे."

त्याने अंगठा मांडीवर ठेवला. मग थोडा वर, मग बाजूला. एका अंगठ्यात ते दुखणं मावत नव्हतं. शेवटी त्याने सबंध तळहात पसरला, तरी उरलंच.

"तळहाताचं दुखणं," म्हातारी म्हणाली. "हे कामाचं. आत गवंडी बसलेत. परवाच्या उतारावर जे सैल झालं ते पुन्हा रचतायत, आधीपेक्षा घट्ट. त्यांना दोन दिवस दे, खायला घाल, हलकं चाल. मोठं असतं ते, पण घाबरायचं नाही. ज्याला अंगठा पुरतो, एकाच जागी, रोज तिथेच, बोट ठेवलं की नेमकं, ते छोटं दुखणं वेगळं. ते कितीही बारीक असो, थांबायचं. तू मोठ्याला भ्यायला शिकलास आणि छोट्याला फसवायला. उलटं कर."

तो बसायला गेला, बसता येईना. उभा राहायला गेला, तेही जमेना. अर्धवट वाकलेला जासूद बघून म्हातारीला हसू फुटलं, आणि मग त्यालाही. इतका तो पुऱ्या वर्षात हसला नव्हता.

सातव्या महिन्यात म्हातारीने त्याला वाटेला लावलं. नाईकाने काठी काही दिली नाही. म्हणाला, "आधी चौथ्या चौकीवर राखीव म्हणून बस." एकेकाळी जिथे पोरं त्याला बघायला जमत तिथेच, सोंगट्यांच्या पटाशी. मान खाली घालून तो गेला.

तिथला जुना राखीव चांगला ऐसपैस गृहस्थ होता. त्याने पट पुढे सरकवला. "या जासूदबुवा. दान टाका. इथे आपल्याला एकच काम, म्हातारं होणं."

जासूद म्हणाला, "मला शंभर पावलं चालायचंय आणि शंभर पावलं धावायचंय. रोज. त्याहून जास्त नाही."

"एवढंच? एवढं तर मी पण करीन."

"मग चला."

राखीव जीभ चावून उठला. पहिल्या दिवशी शंभर पावलांत त्याचा जीव वर आला. तिसऱ्या दिवशी तो लाकडासारखा चालत आला आणि म्हणाला, "बुवा, माझे पाय गेले." जासुदाने त्याला तळहात ठेवायला लावला आणि म्हातारीचंच वाक्य त्याला ऐकवलं. महिना गेला, दोन गेले. शंभराची पाचशे झाली, पाचशेचा कोस झाला. राखीवाचा सदरा सैल झाला. त्याची बायको चौकीवर भाकरी घेऊन आली तेव्हा तिने आधी नवऱ्याला ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर जासुदाला म्हणाली, "भाऊजी, असंच चालू द्या, पण माझा धनी अगदी संपवू नका."

वर्ष भरायला चार दिवस उरले तेव्हा नाईकाने काठी दिली. "खाली जा. पहिली जी खबर निघेल ती तुझी. वेशीत तूच यायचं. वाटेत काठी दुसऱ्याच्या हाती गेली तर ती त्याची, हेही लक्षात ठेव."

खबर निघाली ती साधी नव्हती. पहाटे बंदराच्या टेहळ्याने समुद्राचं पाणी किनाऱ्यापासून ओढलेलं बघितलं, आभाळाची कड तांबडी बघितली आणि घाईने खलिता बांधला. मोठं वादळ येत होतं. आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी नगराचा वर्षाचा तांडा निघायचा होता. तीनशे बैल, बायका-पोरांसकट शंभर कुटुंबं, आणि वाट खिंडीतून, जिथे वरच्या डोंगराचं सगळं पाणी एका धारेत उतरतं. एकदा तांडा खिंडीत शिरला की मागे वळायला जागा नाही.

जासूद निघाला. पहिली चौकी, दुसरी चौकी, घुंगरं एका लयीत. तिसऱ्या चौकीच्या आधी चढ खडा झाला आणि दुखणं आलं. मांड्या पेटल्या, पोटऱ्यांचे दगड झाले, छातीत भाता चालावा तसा आवाज होऊ लागला. चौकीदार त्याचा चेहरा बघूनच घाबरला.

"पाय काय म्हणतात?" रिवाज म्हणून त्याने विचारलं आणि लगेच पुढे बोलला, "अरे, बोलायला कशाला पाहिजे, दिसतंय! बस बाबा. हा पायऱ्यांचा चढ पुढे आहे. मोडलेला पाय आहे तुझा, बस."

जासुदाने पाणी घेतलं. एक तळहात मांडीवर पसरला, एक पोटरीवर. मग अंगठा नडगीवर ठेवून दाबला. काही नाही.

"मांड्या पेटल्यात," तो म्हणाला. "पोटऱ्या ओरडतायत. नडगी गप्प आहे. हे कामाचं दुखणं आहे, जातो."

चौकीदाराचा तांब्या हातातच राहिला. एवढं लांब उत्तर त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

त्या पायऱ्यांवर जे झालं ते जासुदाला पुढे कधी धड सांगता आलं नाही. प्रत्येक पायरीला वाटे, पुढची नाही जमायची, आणि पाय पुढची चढे. दुखणं अंगभर होतं, पण आता ते परकं नव्हतं. ओढ्यातलं दुखणं, टेकडीचं दुखणं, पायरीवरच्या टाचांचं दुखणं, सगळी जुनी ओळखीची, जणू सोबतीला चढत होती. एका क्षणी त्याला वाटलं, धावतोय तो मी नाहीच. माझ्यापेक्षा मोठं, मुकं, इमानी काहीतरी मला पाठीवर घेऊन वर निघालंय. त्याचे डोळे भरून आले. चढ संपला, सपाटी लागली, वारा आला. श्वास उतरला, मांड्यांची आग विझत आली. आता अडीच-तीन कोस उरले, तेही सोपे. लांबून चौथी चौकी दिसली.

आणि तिथे, सगळं सोपं झाल्यावर, नडगीत काहीतरी टोचलं.

अगदी बारीक. मघाच्या दुखण्यापुढे काहीच नाही. दहा पावलांवर पुन्हा टोचलं. तीच जागा.

चौकीवर माणसं जमली होती. पोरं कुंपणावर चढली होती. "आला, आला! वारा आला!" चौकीदाराने छाती फुगवून विचारलं, "पाय काय म्हणतात?" आणि सगळे ते जुनं ठसक्यातलं उत्तर ऐकायला थांबले.

जासुदाने खाली वाकून अंगठा ठेवला. अंगठा पुरला.

वेस समोरच्या टेकडीमागे होती. हे अंतर त्याने शेकडो वेळा कापलं होतं. दात आवळले तर जमेलही, त्याला वाटलं. आणि काठी आपली. वर्षभराचा गोठा, ओढा, लाज, सगळ्याचं सार्थक आत्ता या तीन कोसांत. थांबलो तर काठी गेली. मग त्याला ती जागा दिसली, पुढे पाचशे पावलांवरची, जिथे ओली फांदी मोडली होती. त्या दिवशी थैलीत मीठ होतं. आज शंभर घरं होती.

"नडगी बोलतेय," तो म्हणाला. "अंगठ्याएवढी. शेवटच्या वळणापासून."

पोरांची तोंडं उघडीच राहिली. चौकीदार म्हणाला, "थट्टा करतोस काय?"

"राखीव उठवा."

बावीस वर्षांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. ऐसपैस गृहस्थ, जो आता तितकासा ऐसपैस राहिला नव्हता, सोंगट्यांवरून उठला.

"बुवा, मला जमेल?"

"गेल्याच आठवड्यात दोन कोस धावलास माझ्याबरोबर. मांड्या पेटतील. पेटू देत. अंगठा पुरला तर थांब, पाचव्या चौकीवर दुसरा आहे. तळहात लागला तर पळत राहा. जा आता!"

काठी आणि थैली या हातातून त्या हातात गेल्या. घुंगरं वाजली आणि टेकडीकडे निघाली. वाऱ्यासारखी नव्हे. जड, एकसारखी, न थांबणारी. जासूद चौकीच्या दगडावर बसला आणि ऐकत राहिला. आवाज बारीक होत गेला, वळणावर बुडाला, पुन्हा वर आला, आणि मग टेकडीपलीकडे गेला. कुंपणावरची पोरंही गप्प बसून ऐकत होती.

तिसऱ्या प्रहरी आभाळ काळं झालं. मग जे आलं ते म्हाताऱ्या लोकांनीही बघितलं नव्हतं. खिंडीतून पाणी उतरलं ते झाडं मुळासकट घेऊन. डोंगर हलल्यासारखा आवाज सगळ्या घाटात घुमला. चौकीतली माणसं एकमेकांना धरून बसली. कुणी विचारायचं धाडस करत नव्हतं, की तांडा कुठे असेल.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि वरून नाईक स्वतः चालत आला. त्याच्या मागे तांड्याची माणसं होती, कडेवर पोरं घेतलेली. तांडा वेशीतच होता. राखीव पोचला तेव्हा पहिल्या बैलांवर ओझी लादून झाली होती.

नाईक जासुदासमोर उभा राहिला.

"नियम नियम आहे," तो म्हणाला. "काठी राखीवाची."

"होय नाईक."

"वाईट वाटतंय?"

जासुदाने छातीवर तळहात पसरला. "एवढं," तो म्हणाला. "अंगठ्यात मावत नाही. म्हणजे बरं होईल."

तांड्यातल्या एका म्हाताऱ्याने पुढे येऊन त्याच्या दोन्ही पायांना हात लावला. आधी डाव्या, मग उजव्या.

म्हातारीने नडगी दाबून बघितली आणि अठरा दिवस बसायला सांगितलं. दाबणाऱ्या हाताने हलकेच एक चापट मारली, ती शाबासकीची. "त्या दिवशी तीन कोस आणखी गेला असतास, तर अठरा महिने बसवलं असतं. बैलाला शोभेल असं वागलास." एकोणिसाव्या दिवशी तो चौथ्या चौकीवर राखीव म्हणून बसला.

पावसाळ्यानंतर एके सकाळी घुंगरं वाजत आली. आधीचा राखीव आणि आताचा जासूद धापा टाकत थांबला. "पाय काय म्हणतात?" चौकीदाराने विचारलं, आणि या वेळी उत्तर काय येईल ते त्यालाही माहीत नव्हतं. धावणाऱ्याने पोटरीवर अंगठा टेकवला. "ही जागा. सकाळपासून. एवढी." त्याने हसत काठी पुढे केली. आमचा जासूद उठला आणि पळाला. नगरातल्या बायांनी लांबून कान दिला आणि त्या म्हणाल्या, "वारा आला."

त्यानंतर काठी कुणाची हा प्रश्न त्या नगरात कुणी विचारला नाही. ती हातोहात फिरत राहिली, आणि खबर एकदाही वाटेत पडली नाही. पाचही चौक्यांवरचे राखीव हळूहळू अरुंद झाले. नवा जासूद आला की नाईक त्याला आधी महिनाभर गोठ्यात धाडी, बैलांकडून शिकायला. आणि तो वेगवान जासूद केस पांढरे होईपर्यंत धावला. तोवर त्याच्याबरोबरीचे "पाय गप्प"वाले केव्हाच घरी बसले होते.

तात्पर्य विचाराल तर एवढंच, की जे दुखणं आपल्याला घडवतं ते मोठं असलं तरी सोसावं, जे मोडतं ते बारीक असलं तरी मान्य करावं, आणि या दोहोंतला फरक फक्त खरं बोलणाऱ्यालाच कळतो.

आता त्या दोन बैलवाल्यांपैकी कुणाकडे जायचं ते तुम्हीच ठरवा. माझी विनंती दुसरीच आहे. रोज दिवेलागणीला पाच मिनिटं स्वतःपाशी बसा आणि आपल्या अंगाचा जमाखर्च मांडा. आज काय खर्चलं, काय भरून आलं, कुठे दुखलं, केवढं, कधीपासून. लोकांना दाखवायला कमी लिहू नका आणि कीव मिळावी म्हणून वाढवूही नका. ही वही दुसरं कुणी तपासणार नाही, म्हणूनच ती खरी ठेवा.